वर 'श्री' आहे का?

आमच्या घरी पोस्टमन कार्ड टाकून गेला, की माय ते आधी स्वतःच्या हातात घ्यायची. तिला वाचता येत नव्हतं. ओळखीचं अक्षर एकच, 'श्री'. ते कार्डाच्या डोक्यावर दिसलं, की कार्ड माझ्याकडे द्यायची, "आता वाच." 'श्री' नसलेलं कार्ड म्हणजे कुणीतरी गेल्याची बातमी. ते ओट्यावर उभ्यानेच वाचायचं आणि फाडून टाकायचं, घरात ठेवायचं नाही.

आपल्या देशात पोस्टकार्ड सुरू झालं १ जुलै १८७९ला. गजानन महाराज शेगावात प्रकट झाले ते १८७८च्या फेब्रुवारीत, म्हणजे फार अंतर नाही. किंमत पाव आणा, जुना एक पैसा. भुसावळ-नागपूर रेल्वे त्याआधीच सुरू झाली होती. त्यामुळे पोरगा नोकरीसाठी लांब गेला, मुलगी दूर दिली, तरी पैशात खुशाली कळू लागली.

पण कार्ड पडलं उघडं. पोस्टमन वाचणार, शेजारी वाचणार. त्यातून कार्डाची एक भाषाच तयार झाली. 'इकडील सर्व खुशाल' हे मायन्यामागोमाग यायचंच, घरात काही का चाललेलं असेना. 'प्रकृती बरी आहे' म्हणजे खरंच बरी. 'प्रकृती आता बरी आहे' म्हणजे मधे बरंच काही होऊन गेलं. आणि 'जमल्यास येऊन जावे' म्हणजे मिळेल त्या गाडीने निघा! तारेचं तर विचारूच नका. नोकरी लागल्याची तार आली, तरी मजकूर कळायच्या आत घरात रडारड. ती तार २०१३च्या जुलैत कायमची बंद झाली.

१९५०मध्ये निळं आंतर्देशीय पत्र आलं. लिफाफा आधीपासून होता, पण तो महाग. मला वाटतं, सासरी नांदणाऱ्या मुलींना आंतर्देशीयाचा जेवढा आधार झाला, तेवढा दुसऱ्या कुणाला झाला नसेल. घडी घालून चिकटवलं, की आतलं आतच.

माझी ताई पुलगावला दिली होती. चौथी शिकलेली, पण अक्षर वळणदार. १९७२च्या १५ ऑगस्टला पिन कोड सुरू झाला. तो काढणारे श्रीराम भिकाजी वेलणकर आपले मराठीच, शिवाय संस्कृत कवी. तेव्हापासून ताई पत्त्याखाली ४४४२०३ अगदी कोरून लिहायची. मायन्यात मात्र एक बदल तिला करावा लागला. १९७३ला वडील गेले आणि 'ती. सौ.'च्या जागी 'ती. गं. भा.' आलं. ते मी वाचताना गाळायचो. मायला कळत होतं की नाही, कोण जाणे.

वडिलांना जाऊन वर्ष व्हायचं होतं. त्या वर्षी ताईची कार्डं नेमाने येत होती, सर्व खुशाल. आणि एक दिवस आंतर्देशीय आलं. मायने 'श्री' पाहिला, पत्र माझ्या हातात दिलं आणि समोर सूप घेऊन बसली. मी वाचायला लागलो आणि तिसऱ्या ओळीला अडखळलो. भाऊजी तीन महिन्यांपासून अंथरुणाला खिळलेले. पगार बंद. ताईने पाटल्या मोडलेल्या. मागच्या बाजूलाही बारीक अक्षरात भरगच्च मजकूर, आणि शेवटी, 'मायला सांगू नको'.

मी मास्तर माणूस, तोंडाला येईल ते जुळवून वाचलं. भाऊजी मजेत आहेत, पोरगी चालायला लागली, पाऊस बरा आहे, सर्वांस नमस्कार. चार वाक्यं झाली आणि मी पत्राची घडी घातली.

मायचं पाखडणं थांबलं होतं. तिने पत्र माझ्या हातातून घेतलं, उलटून पाहिलं.

"येवढा मोठा कागद," ती म्हणाली, "दोन्हीकून भरेल. आन् येवढंच लिवलं तिनं?"

मी काहीच बोललो नाही. माय उठली आणि आत जाऊन ट्रंक उघडली. दुसऱ्या दिवशी सकाळच्या पॅसेंजरने तिला पुलगावला पोचवायला मीच गेलो.