राखणदार : रात्रभर रानात रमणारा आपला सोबती

सुट्टीत बाहेरगावाहून, परदेशातून पार्सेला येणाऱ्या मुलांच्या टी-शर्टवर हल्ली एक केसाळ प्राणी दिसतो. कधी तो सायकल चालवतो, कधी गळ टाकून मासे धरतो, कधी तंबूसमोर शेकोटी करून बसतो. हा अमेरिकेतला बिगफूट. कॅलिफोर्नियाच्या जंगलात मोठ्या पावलांचे ठसे सापडल्याच्या बातम्या १९५८ साली आल्या आणि हे नाव जगभर झाले. मुले आजीला विचारतात, ‘आपल्या रानात असा कोण आहे?’ आजी म्हणते, ‘आहे ना, राखणदार!’ पण पुढे लगेच ‘रात्रीचं त्याचं नाव काढू नये’ असे म्हणून विषय थांबवते. मुलांच्या लक्षात भीती तेवढी राहते.

आपला राखणदार भीतीपेक्षा पुष्कळ मोठा आहे. पेडणे आणि डिचोली महालातल्या त्याच्याविषयीच्या समजुती, त्याचे खेळ आणि त्याची ठिकाणे यांची माहिती मंडळाच्या कुटुंबांसाठी आम्ही येथे एकत्र देत आहोत. तो आहे की नाही, या वादात आम्ही शिरत नाही. ज्याने त्याने आपापल्या श्रद्धेप्रमाणे घ्यावे.

दिसतो कसा?

राखणदाराचे वर्णन गावोगावी थोडेफार बदलते, पण चार वस्तू बहुतेक ठिकाणी येतात. खांद्यावर कांबळ, हातात दांडा, दुसऱ्या हातात पेटती चूड आणि पायांत जाडजूड वहाणा. काही जण दांड्याला घुंगूर असल्याचे सांगतात. रात्री दूरवर घुंगूर वाजले, किंवा डोंगराच्या कडेने उजेड सरकत गेला, की जुनी माणसे म्हणत, ‘राखणदार फिरतीला निघाला.’

घरात बसलेला राखणदार कोणी पाहिलेला नाही. तो शिमेवर, पाणंदीत, वडापिंपळाखाली, नदीकाठी नाहीतर डोंगरमाथ्यावर असतो. गावाची शीम हीच त्याची हद्द. रात्रभर तो ती पायी फिरतो, वाट चुकलेल्याला पुढे उजेड दाखवून घराच्या वाटेला लावतो, शेताभाताची आणि गुराढोरांची राखण करतो. बदल्यात त्याला वर्षाची राखण द्यायची. गाऱ्हाणे घालून नारळ, रोट, केळी, विडी, कुठे सुरा, कुठे कोंबडा असा ज्या त्या जागेचा मान असतो. मागणे मोठे नाही. रानात दिवस काढणाऱ्या कोणत्याही माणसाला रात्री जे हवेसे वाटेल, तेच त्याला चालते.

देवचार या शब्दाची गोष्ट

राखणदारालाच पुष्कळ ठिकाणी देवचार म्हणतात. मात्र गोव्यातल्या ख्रिस्ती कोंकणीत देवचार म्हणजे सैतान. फादर थॉमस स्टीफन्स यांनी मराठीत रचलेल्या आणि १६१६ साली छापल्या गेलेल्या ख्रिस्तपुराणातही हा शब्द सैतानासाठीच आला आहे. आपल्या भागात तो राखणाराच राहिला, आणि याला इतिहासाचाही हातभार आहे. डिचोली आणि सत्तरी १७८१-८२ मध्ये, तर पेडणे १७८८ मध्ये पोर्तुगीजांकडे गेले. तोवर धर्मांतराचा आणि देवळे पाडण्याचा काळ सरला होता. त्यामुळे नव्या काबिजादीतली ग्रामदैवते, त्यांचे मांड आणि शिमेवरची ठिकाणे बरीचशी जागच्या जागी राहिली. पार्सेत भगवती आहे आणि शिमेवर राखणदार आहे, ही मांडणी म्हणूनच आजही ओळखीची वाटते.

साळचे गडे : देवचाराचा खेळ

राखणदार गंभीर चेहऱ्याने पहाराच देतो असे नाही, तो खेळतोही. याचे सर्वांत ठळक उदाहरण डिचोली तालुक्यातल्या साळ गावचा गडोत्सव. होळीच्या पौर्णिमेपासून तीन रात्री हा उत्सव चालतो. गडे म्हणजे मानाचे पुरुष. धोतर नेसून, उघड्या अंगाने ते मांडावर जमतात. ढोल वाजू लागतो, नाचता नाचता त्यांच्या अंगात येते. मग काळोखात डोंगरावर उजेड दिसला की गडे त्या दिशेने धावत सुटतात. उजेड इथे दिसतो, विझतो, पलीकडच्या टेकडीवर पुन्हा दिसतो. गडे त्याच्यामागे काटेकुटे, दगडधोंडे तुडवत जातात. देवचार आपल्याशी लपंडाव खेळतो, अशी गावाची श्रद्धा आहे.

याच खेळात देवचार काही गड्यांना आपल्याबरोबर नेऊन लपवतो असे मानतात. उरलेले गडे त्यांना शोधत राहतात. सापडलेला गडा लाकडासारखा ताठ असतो. त्याला उचलून देवळाकडे आणतात आणि मग तो भानावर येतो. हे पाहायला गोव्यातून आणि सीमेपलीकडच्या महाराष्ट्रातून हजारो लोक येतात.

साळला जायचे असेल तर एवढे सांभाळावे : गावकरी बसवतील तिथेच बसावे, मोबाईलचा किंवा बॅटरीचा उजेड पाडू नये, गड्यांच्या मागे धावू नये. खेळ देवचाराचा आणि गड्यांचा आहे. आपण पाहुणे.

फिरणारा वेतोबा, रुसणारा भूतनाथ

याच कुळातला मोठा देव वेताळ. डिचोलीतल्या आमोणे गावचा बेताळ प्रसिद्ध आहे. तेरेखोल नदीपलीकडे, वेंगुर्ले तालुक्यातल्या आरवलीचा वेतोबा तर पेडण्याच्या घराघरांत माहीत आहे. वेतोबा रात्री गावाभोवती फिरतो, फिरून त्याच्या वहाणा झिजतात, म्हणून भाविक त्याला चामड्याच्या मोठ्या वहाणा आणि केळीचे घड वाहतात. जुन्या वहाणांचे झिजलेले तळ दाखवून ‘पाहा, किती चालला!’ म्हणणारी माणसे तिथे भेटतात. वेतोबाची पूर्वीची मूर्ती फणसाच्या लाकडाची होती. १९९६ मध्ये तिच्या जागी पंचधातूची मूर्ती आली.

खुद्द पेडण्यात दसऱ्याला रवळनाथ आणि भूतनाथाची तरंगे निघतात, आणि कोजागिरीला पेडणेची पुनव भरते. भूतनाथाला एका रात्रीत देऊळ बांधून हवे असते. ते होत नाही म्हणून तो रागावून रानाची वाट धरतो आणि लोक त्याची समजूत काढतात, अशी कथा सांगतात. देऊळ दर वर्षी राहूनच जाते. कथेचे मर्म आम्हाला यातच दिसते. या देवाला भिंती मिळाल्या तर तो फिरणार कधी?

बायकांचा वाटा यात कमी नाही. पौष महिन्यात धालोच्या मांडावर बायका रात्री उघड्यावर जमतात, धरतीमातेला आणि वनदेवतेला हाक घालतात, फुगड्या घालतात, सोंगे आणतात. त्या रात्री अंगण आणि रान यांच्यात कुंपण राहत नाही.

कांबळ, दांडा, चूड : हे कोणाचे सामान?

आता राखणदाराच्या त्या चार वस्तूंकडे पुन्हा पाहू. कांबळ, दांडा, चूड, वहाणा. हे भुताचे सामान नव्हे. आपल्या आजोबा-पणजोबांचे रात्री बाहेर पडतानाचे सामान हेच होते. पिकात रानडुकरे घुसू नयेत म्हणून माळ्यावर जागणारा शेतकरी, पहिल्या पावसात चूड पेटवून चढणीचे मासे आणि कुर्ल्या धरायला जाणारी पोरे, गुरे शोधत फिरणारा राखणा, पारधीला निघालेले गावकरी, नाटक संपवून तीन गावे तुडवत परतणारी मंडळी असा सारा गाव रात्री बाहेर असे. शिकारीला १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्याने बंदी आली ते योग्यच झाले. बाकीच्या गोष्टी मात्र आपण होऊन सोडल्या.

आमचे मत असे, की राखणदार हा त्या रात्री फिरणाऱ्या माणसांचा सोबती होता. त्याला त्यांचेच कपडे, त्यांचीच विडी आणि त्यांचीच हौस मिळाली. काळोखात दूर उजेड दिसला तर ‘आपल्यासारखाच कोणीतरी पुढे आहे’ हा त्यांना धीर होता. आपण बाहेर पडणे सोडले, आणि ओळख नसलेल्या सोबत्याचे भूत झाले. भीती नंतरची आहे, सोबत आधीची.

बिगफूटशी त्याचा फरकही इथेच आहे. बिगफूटचा पत्ता कोणाला ठाऊक नाही आणि त्याच्यावर कसली जबाबदारीही नाही. राखणदाराला पत्ता आहे, हद्द आहे, काम आहे. त्याच्या नावाने राखलेल्या जागा खऱ्याखुऱ्या आहेत. सत्तरीत बांबर येथे निरंकाराची राय आहे. देवाची म्हणून तिला कोणी कुऱ्हाड लावली नाही, आणि त्यामुळे रानटी जायफळांचे दुर्मीळ दलदली रान तिथे आजही उभे आहे.

आज काय करता येईल?

पेडणे झपाट्याने बदलत आहे. मोपाच्या पठारावरून जानेवारी २०२३ पासून विमाने उडू लागली. रस्ते रुंद झाले आणि डोंगरमाथ्यावर रात्रभर दिवे जळतात. यातून सोयी आल्या, रोजगार आला, हे आम्ही नाकारत नाही. पण कितीतरी घरांत आज आपल्या वाड्याची शीम कुठून कुठे जाते, राखण कुठे देतात, कोणत्या झाडाला हात लावायचा नाही, हे सांगणारे एखाददुसरेच माणूस उरले आहे. ते माणूस गेले की जागा ओळखू येणार नाही, आणि न ओळखलेली जागा सहज विकली जाते, सहज सपाट होते.

म्हणून मंडळाच्या कुटुंबांना आमची विनंती आहे. पुढच्या सुट्टीत गावी जाल तेव्हा घरातल्या वडीलधाऱ्यांना बरोबर घ्या आणि मुलांसह एकदा, दिवसाउजेडी, आपल्या वाड्याची शीम पायी फिरा. राखणदाराची जागा कुठली, तिथे काय ठेवतात, कोणत्या महिन्यात ठेवतात, हे विचारून वहीत लिहून ठेवा. तिथल्या झाडांची गावातली नावे लिहा. कचरा दिसला तर उचला. एवढे चालून झाले की मुलांना त्यांच्या टी-शर्टवरच्या पाहुण्याबद्दल खुशाल बोलू द्या. आपला राखणदार रागावणार नाही. पायी फिरणारी माणसे त्याला पूर्वीपासून आवडतात.