थळ, राजीनामा व येजितखत : पुनर्न्यायाची जुनी रीत

जुन्या वतनी कज्जांचे महजर व निवाडपत्रें जमविणाऱ्यांचें लक्ष बहुधा शिक्क्यांकडे, साक्षींकडे व निकालाकडे जातें. तो निवाडा करण्याचा अधिकार त्या सभेस होता काय, व हरलेल्यास पुढें दाद मागतां येत होती काय, हे प्रश्न मागें राहतात. त्यांचा थोडा विचार येथें करण्याचें आम्ही योजिलें आहे.

याज्ञवल्क्यानें व्यवहाराध्यायांत कुल, श्रेणी, पूग व राजानें नेमलेले अधिकारी अशीं न्यायाचीं चढतीं स्थानें सांगितलीं आहेत. त्यावर विज्ञानेश्वराचा मिताक्षरेंतील अभिप्राय असा कीं, कुलाच्या निर्णयानें ज्याचें समाधान होत नाहीं त्यानें क्रमानें वर जावें. मात्र राजाधिकाऱ्यानें पाहिलेला वाद खालीं पूगाकडे नेतां येत नाहीं. त्यापुढेंच बळानें वा कपटानें, रात्रीं, घराच्या आंत, गांवाबाहेर अगर शत्रूंनीं उरकलेले व्यवहार फिरवावे असें सांगितलें आहे. म्हणजे निर्णय खरा कीं खोटा हा एक प्रश्न, आणि तो कोठें, केव्हां व कोणीं केला हा दुसरा. वाद वाईट रीतीनें पाहिला असें ठरल्यास सभ्य व जिंकलेला पक्ष या दोघांसही दुप्पट दंड. उलट न्यायानें हरूनही जो पुन्हां वाद उकरील व पुन्हां हरेल त्यासही दुप्पट दंड. दार उघडें ठेविलें, पण उंबरठा उंच केला.

मराठेशाहीच्या कागदांत हीच दृष्टि देशी नांवांनीं वावरते. अग्रवादी व पश्चिमवादी यांच्या तकरीरी घेत, त्यांजकडून जामीन घेत, आणि अमुक थळीं होईल तो निवाडा मान्य करूं असा राजीनामा लिहून घेत. हल्लीं राजीनामा म्हणजे नोकरी सोडल्याचें पत्र; तेथें मात्र तो संमतीचा लेख आहे. सभेच्या अधिकाराचा पाया बऱ्याच अंशीं या संमतीवरच उभा असे. आपल्या गोतांत न्याय मिळणार नाहीं असें ज्यास वाटे तो दुसरें थळ मागे. निवाडा झाल्यावर हरलेल्याकडून येजितखत, म्हणजे हार कबूल केल्याचा लेख, घेत. जिंकलेल्याकडून हरकी व हरलेल्याकडून गुन्हेगारी वसूल होई. येजितखत दिल्यावर तोच कज्जा पुन्हां उभा करणें कठीण, कारण स्मृतींतील प्राङ्न्याय या उत्तराचा तो लेखी पुरावाच होय.

अर्वाचीन कायद्यासही हा भेद ठाऊक आहे. १९०८ च्या दिवाणी प्रक्रिया संहितेच्या २१ व्या कलमाप्रमाणें दाव्याच्या स्थळाविषयींची हरकत मूळ न्यायालयांतच लवकरांत लवकर घ्यावी लागते, व तेवढ्यावरून न्यायाची हानि झाली असें दिसल्याखेरीज ती अपिलांत चालत नाहीं. ९९ व्या कलमाप्रमाणें वादाच्या गुणावगुणांस वा न्यायालयाच्या अधिकारास बाध न आणणाऱ्या चुकीसाठीं अपिलांत हुकूमनामा फिरत नाहीं. राजीनामा देऊन थळावर बसलेल्यानें हरल्यावर थळास दोष देऊं नये, हा जुना विवेक येथें दुसऱ्या वेषांत भेटतो.

थळाचा वाद आमच्या मुलखास नवा नाहीं. कुंभार पिंपळगांव पूर्वीं निजामाच्या राज्यांत. १ नोव्हेंबर १९५६ रोजीं मराठवाडा मुंबई राज्यांत आला, तेव्हांपासून येथील उच्च न्यायालयाचीं अपिलें मुंबईस जाऊं लागलीं. १ मे १९८१ रोजीं जालना जिल्हा झाला व त्याच वर्षीं २७ ऑगस्टला औरंगाबादेस (हल्लींचें छत्रपति संभाजीनगर) खंडपीठ बसलें. तें बसविण्याचा अधिकार मुख्य न्यायाधीशांस आहे काय, हाच मग वाद झाला. उच्च न्यायालयानें तो नाकारला. १९८२ सालीं सर्वोच्च न्यायालयानें राज्यपुनर्रचना कायद्याच्या ५१ व्या कलमाच्या आधारें तो मान्य केला. न्यायाचें थळ प्रजेच्या किती जवळ असावें, हा प्रश्न गोतसभेच्या काळाइतकाच जिवंत राहिला आहे.

यावरून संग्राहकांस आमची एकच विनंती. सुबक शिक्क्याचा महजर ठेवून त्यासोबतचीं जामीनकतबे, राजीनामे व येजितखतें रद्दी म्हणून निराळीं करूं नयेत. एकट्या निवाडपत्रावरून कोण जिंकला एवढेंच कळतें. तो न्यायानें जिंकला कीं नाहीं, हें त्या किरकोळ चिठोऱ्यांवरूनच कळतें. रुमाल सोडतांना कागदांचा मूळ क्रम टिपून ठेवावा. तो एकदां मोडला म्हणजे हरलेल्या पक्षाची बाजू कायमची बुडते, आणि त्यावर अपील नाहीं.