घोड्यांची वंशावळ आणि माणसांचा विसर

मुंबईच्या गिरण्यांचा, गोदीचा, बाजारपेठांचा इतिहास लिहिला गेला. भायखळ्यापासून महालक्ष्मीपर्यंत दौडलेल्या घोड्यांची हकिकतही इंग्रजीत थोडीफार सापडते. मात्र त्या घोड्यांमागे राबलेल्या माणसांची हकिकत आपल्या समाजात, आपल्या घरातही कोणी सांगत नाही. कारण उघड आहे. रेस म्हटली की जुगार, आणि जुगार हराम. त्यामुळे ज्या घरातला कोणी रेसकोर्सवर नोकरीला होता, त्या घरात त्याच्या वस्तू पेटीच्या तळाशी जातात आणि पुढची पिढी पेटीसकट त्या भंगारात देते.

जुगाराला कुराणात मनाई आहे, याबद्दल आम्हाला वाद घालायचा नाही. पण घोड्यांची शर्यत आणि त्यावर लावलेला पैसा या दोन गोष्टी एक नव्हेत. पैगंबर (स.) यांनी मदिन्यात घोड्यांच्या शर्यती लावल्याचे हदीसच्या ग्रंथांत नमूद आहे. मग घोड्याला खरारा करून, नाल ठोकून हलालची भाकरी कमावणाऱ्याची लाज आपण का बाळगावी?

मुंबईत शर्यती सुरू झाल्या त्या भायखळ्याच्या माळावर. १८८३ मध्ये त्या महालक्ष्मीला गेल्या. पुण्यात लष्कराच्या जमिनीवरील मैदान तर १८३० चे. आजही पावसाळ्यात शर्यती पुण्याला आणि हिवाळ्यात मुंबईला, असा क्रम चालतो. एकोणिसाव्या शतकात या मैदानांवर अरबी घोड्यांचा दबदबा होता. बसरा आणि कुवेतकडून जहाजे येत, अरब सौदागर मुंबईतल्या तबेल्यांत घोडे उतरवीत आणि लष्करी अधिकारी, संस्थानिक व शर्यतीचे शौकीन ते विकत घेत.

यांतलाच एक घोडा ‘मैदान’. नज्दमध्ये १८६९ साली जन्मलेल्या या घोड्याला अब्दुर्रहमान नावाच्या सौदागराने मुंबईत आणले. इथे तो शर्यती जिंकला, मग एका इंग्रज अधिकाऱ्याच्या स्वारीत राहिला. तो अधिकारी १८८० मध्ये कंदहारच्या लढाईत पडल्यावर घोडा पुढे इंग्लंडला पोहोचला. त्याचा वंश वंशनोंदींच्या पुस्तकांत आजही शोधता येतो. पण मुंबईत त्याला दाणापाणी देणारा, पहाटे फिरवून आणणारा मोतद्दार कोण होता? घोड्याची वंशावळ छापली गेली, माणसाचे नावही राहिले नाही.

मोठ्यांची नावे राहतात. पहिले आगाखान मुंबईत स्थायिक झाले आणि त्यांचा घोड्यांचा शौक प्रसिद्ध होता. त्यांचे नातू तिसरे आगाखान यांच्या घोड्यांनी १९३० ते १९५२ या काळात इंग्लंडची डर्बी पाच वेळा जिंकली. त्यांतल्या बहराम या घोड्याने १९३५ मध्ये तिथल्या तिन्ही मोठ्या शर्यती मारल्या. हे सारे पुस्तकांत आहे. नालबंदाची ऐरण मात्र कुठल्याच पुस्तकात नाही.

तरीही या माणसांनी एक ठेवा मागे ठेवला आहे. तो भाषेत आहे. नाल, रिकीब, साईस हे शब्द अरबीतून आले. लगाम, जीन, चाबूक हे फारसीतून. खुद्द ‘शर्यत’ हा शब्द अरबी ‘शर्त’ पासून झाला. घोड्याची मराठी बोलायची तर अशा शब्दांशिवाय वाक्य पुरे होत नाही. उर्दूत सआदत यार खाँ रंगीन या शायराने घोड्यांची पारख आणि दवापाणी यांवर ‘फरसनामा’ लिहिला. १९११ मध्ये त्याचा इंग्रजी तर्जुमा निघाला. म्हणजे या विद्येला आपल्याकडे अदबीचा दर्जा होता.

आता घाई का करायची, तेही सांगतो. महालक्ष्मीच्या जागेचा ९९ वर्षांचा भाडेपट्टा २०१३ मध्ये संपला. २०२४ मध्ये सरकारने सुमारे २११ एकरांपैकी १२० एकर उद्यानासाठी महापालिकेकडे आणि ९१ एकर क्लबकडे ठेवण्याचा निर्णय घेतला. उद्यान व्हावे, मुलांना मोकळी हवा मिळावी, यात वाईट काही नाही. पण मैदान बदलले की आठवणीही विखुरतात. त्याआधी २०१५ मध्ये उच्च न्यायालयाने मुंबईतल्या व्हिक्टोरिया बेकायदा ठरवल्या, तेव्हा नालबंदांच्या हातचे बरेचसे काम गेले.

जपायचे काय? जुनी रेसबुके, दोरा ओवलेले प्रवेशाचे बिल्ले, टोटची तिकिटे, जॉकीचे रेशमी जॅकेट, फोटो फिनिशची छायाचित्रे, नालबंदाची हत्यारे, पगाराच्या चिठ्ठ्या. कप आणि ढाली श्रीमंतांच्या कपाटात सुरक्षित असतात. गरिबाच्या घरची पगाराची चिठ्ठी इतिहासाला जास्त मोलाची, कारण ती दुसरीकडे कुठेच सापडणार नाही.

जपण्याची रीतही अवघड नाही. कागदाला चिकटपट्टी लावू नये, लॅमिनेशन तर मुळीच करू नये. फोटोच्या मागे मऊ पेन्सिलीने नाव, साल, ठिकाण लिहावे. बॉलपेनचा दाब पुढे उमटतो. रेशमी कापड उन्हापासून दूर, स्वच्छ सुती कपड्यात गुंडाळावे आणि पावसाळा संपला की उघडून पाहावे. चामड्याचे सामान पिशवीत कोंडू नये, बुरशी धरते. कागद उर्दूत असेल तर वाचून घेऊन सोबत मराठीत चार ओळी लिहून ठेवाव्यात. आमच्या उर्दू शाळांतली मुले हे काम सहज करतील आणि त्यांना स्वतःच्या लिपीचा उपयोगही कळेल.

वस्तू मागून घेऊन जमवण्याचा मात्र आमचा आग्रह नाही. ती ज्याची त्याच्या घरीच राहावी. तिचा फोटो घ्यावा आणि घरातल्या बुजुर्गांकडून हकिकत ऐकून टिपून घ्यावी. हत्यार शंभर वर्षे टिकेल, पण ते कसे धरायचे हे सांगणारे आजोबा तेवढे थांबणार नाहीत. येत्या ईदला नातेवाइकांकडे जाल, तेव्हा शीरखुर्मा झाल्यावर एवढे जरूर विचारा: आपल्यापैकी तबेल्यात कोण होते? उत्तर मिळाले तर त्यांचे नाव लिहून ठेवा.