वाट फोचा संगमरवर आणि थाई मालीश

बँकॉकच्या वाट फो मंदिरात गर्दी असते ती ४६ मीटर लांबीच्या निजलेल्या बुद्धासमोर. माझे पाय मात्र आधी त्याच आवारातल्या छोट्या मंडपांकडे वळतात. तिथल्या भिंतींत संगमरवरी फरशा बसवल्या आहेत आणि त्यांवर मानवी आकृत्या कोरल्या आहेत, कुठे समोरून, कुठे पाठमोऱ्या. अंगभर रेषा, रेषांवर बिंदू आणि सोबत मजकूर, की अमुक ठिकाणी दाबलं तर अमुक दुखणं हटतं. अशा एकूण ६० आकृत्या आहेत. कोल्हापुरात पाठीची आणि गुडघ्यांची दुखणी हाताळण्यात माझा दिवस जातो. फिजिओथेरपीच्या कॉलेजात शरीराचे नकाशे पुष्कळ पाहिले, पण कुणाही वाटसरूने उभं राहून वाचावा असा नकाशा मी तिथेच पहिल्यांदा पाहिला.

हे काम तिसऱ्या रामाचं, म्हणजे चक्री घराण्यातल्या तिसऱ्या राजाचं. त्यामागे एक मोठा घाव होता. १७६७ मध्ये ब्रह्मी सैन्याने अयुथ्या ही राजधानी जाळली आणि तिच्याबरोबर कितीतरी पोथ्या गेल्या. उरलेली विद्या वैद्यांच्या घराण्यांत बापाकडून मुलाकडे जात राहिली. घराणं बुडालं की विद्याही बुडायची. १८३२ च्या सुमारास वाट फोचा जीर्णोद्धार सुरू झाला, तेव्हा राजाने औषधं, मालीश, काव्य, नीती असं सारं दगडावर कोरून मंदिराच्या भिंतींत बसवलं. १८३६ मध्ये जस्त आणि कथील यांच्या मिश्रधातूत ऋषींच्या ८० मूर्ती ओतवल्या. प्रत्येक ऋषी अंगाला वेगळा पीळ देऊन बसलेला, आणि त्या आसनाने कोणती व्याधी जाते ते सांगणारं एकेक पद्य. पद्यं लिहिणाऱ्यांत खुद्द राजा होता, राजपुत्र होते, भिक्खू होते. मूर्तींपैकी आज जेमतेम दोन डझन उरल्या आहेत. शिलालेख मात्र टिकले, आणि २०११ मध्ये युनेस्कोने जागतिक स्मृतिनोंदीत त्यांना जागा दिली.

थाई मालीश शिकवणारा गुरू दिवसाची सुरुवात जीवकाला वंदन करून करतो. हा आपला मगधातला जीवक, तक्षशिलेत शिकलेला, बिंबिसाराचा राजवैद्य आणि बुद्धावर उपचार करणारा. म्हणून भारतीय पाहुणा लगेच म्हणतो, हे तर आपलंच! विनयपिटकात जीवकाची कथा सविस्तर आहे. त्यात औषधं आहेत, शस्त्रक्रिया आहेत, पण थाई पद्धतीची मालीश नाही. जीवकाला त्यांनी गुरुस्थानी बसवलं ही त्यांची श्रद्धा, आणि ती मला मनापासून आदराची वाटते. पण त्या श्रद्धेच्या आधारे सयामी, म्हणजे थाई, हातांचं श्रेय आपण आपल्याकडे ओढू नये.

नाड्यांचंही असंच आहे. थाई मालीश दहा ‘सेन’ मानते. त्यांतल्या पहिल्या तीन इत्था, पिंगखला आणि सुमना. ज्ञानेश्वरीचा सहावा अध्याय वाचलेल्या माणसाला इडा, पिंगला, सुषुम्ना ओळखायला वेळ लागणार नाही. पण वाट मात्र निराळी. योगातल्या नाड्या मेरुदंडाच्या तळाशी सुरू होतात. थाई सेन नाभीच्या आसपास उगम पावतात. त्यांतली इत्था मांडीत उतरते, पाठीवरून वर चढते आणि डोक्यावरून डाव्या नाकपुडीशी येते. कुंडलिनी जागवणं हा तिथे हेतूच नाही. गुडघा धरला, मान आखडली, डोकं ठणकतंय, तर कुठे दाबायचं, एवढाच रोकडा प्रश्न. भारतातून नावं आली असतील, पण त्यांना पोटऱ्या आणि खांदे दाबण्याच्या कामाला लावलं ते तिथल्या लोकांनी.

त्या लोकांबद्दलची साक्षही आहे. १६८७ मध्ये फ्रान्सच्या राजाचा दूत सिमों द ला लुबेर सयामला आला. १६९१ मध्ये छापलेल्या पुस्तकात त्याने लिहिलं आहे की इथे कुणी आजारी पडलं की जाणकार माणूस त्याच्या अंगावर चढून पायांनी तुडवतो. गावठी पद्धतीत आजही कोपर, गुडघे, टाचा सगळं चालतं. दरबारी पद्धत याच्या उलट. तिथे फक्त हात, मुख्यतः अंगठे आणि तळवे. राजघराण्यातल्या माणसाकडे गुडघ्यांवर चालत जायचं, अदबीने अंतर राखायचं, अंगाला ताण द्यायचा नाही. ‘थाई योगा मसाज’ म्हणून आज जे जगभर चालतं, त्यातले ताण आणि पीळ गावठी शाखेकडचे. ‘योगा’ हा शब्द जोडला तो गेल्या शतकाच्या उत्तरार्धात शिकायला आलेल्या पाश्चात्त्यांनी.

मधल्या काळात या कलेला वाईट दिवस आले. १८८८ मध्ये सिरिराज रुग्णालय उघडलं, पाश्चात्त्य वैद्यक रुजलं आणि मालीश हळूहळू दवाखान्याबाहेर गेली. व्हिएतनाम युद्धाच्या वर्षांत सुट्टीवर आलेल्या अमेरिकन सैनिकांसाठी निघालेल्या पार्लरांनी तिच्या नावाला काळिमा लावला. इमानाने राबणाऱ्या बायकांना तो डाग अजून सोसावा लागतो, याची मला चीड येते. याच काळात, १९५५ मध्ये, वाट फोत पारंपरिक वैद्यकाची शाळा सुरू झाली, हे म्हणूनच मोलाचं. भिंतीवरची विद्या पुन्हा वर्गात आली. २०१९ मध्ये युनेस्कोने ‘नुआद थाई’, म्हणजे हीच थाई मालीश, अमूर्त वारशाच्या यादीत घेतली.

पहिल्यांदा जाणाऱ्याने काय धरून चालावं? तेल नाही, कपडे उतरवणं नाही. सैल सुती कपडे देतात, पाय धुतात आणि जमिनीवरच्या गादीवर निजवतात. सुरुवात तळपायापासून. मालीश करणारी बाई कोपर सरळ ठेवून पुढे झुकते. दाब मनगटाच्या जोरातून येत नाही, तो तिच्या देहाच्या वजनातून येतो. म्हणून सडपातळ बाईचा अंगठाही मांडीत खोल रुततो. मग ती जांघेत तळवा टेकवते, रक्तवाहिनीवर दाब धरून ठेवते आणि सावकाश सोडते. पायात ऊब उतरत जाते. याला ते वाऱ्याचं दार उघडणं म्हणतात. पुढे कूस, पाठ, आणि शेवटी बसवून खांदे आणि मान. तास-दोन तास सहज जातात, दुसऱ्या दिवशी अंग थोडं ठणकतं. दुखलं तर ‘जेप’ म्हणा, हलकं हवं असेल तर ‘बाओ बाओ’. रक्तदाब, हृदयविकार, ठिसूळ हाडं, पायात रक्ताची गुठळी, ताजी शस्त्रक्रिया किंवा गरोदरपण असेल तर आधी डॉक्टरांना विचारा आणि मालीश करणारीलाही सांगा. जांघेतला तो दाब अशांनी टाळलेलाच बरा.

आपल्या शहरांतही आता ‘थाई’ पाट्या झळकतात. आत शिरलात तर समोरच्या बाईला नीट विचारा, तुम्ही कुठे शिकलात? जी रीतसर शिकली आहे ती तुमच्या अंगाला हात लावण्याआधी तुमची दुखणी विचारील. तिला कारागीर म्हणून मान द्या आणि तिच्या कामाचे पैसे घासाघीस न करता द्या. तिसऱ्या रामाने ही विद्या राजवाड्यात न ठेवता रस्त्यावरच्या माणसासाठी भिंतीवर लावली. ती पोटासाठी शिकलेल्या बाईला प्रतिष्ठेने जगता आलं, तरच त्या कोरीव कामाचं चीज झालं असं मी मानते.