चोर, हेल्मेट आणि पेडलवाली गाडी

तुम्ही ई-बाइक विकत घेतली असेल, तर दुकानदाराने तुम्हाला एक गोष्ट नक्की सांगितली असेल: किल्ली फिरवून काढून घ्या, म्हणजे मोटर चालू होणार नाही. बरोबर आहे. पण मोटर बंद असली म्हणून सायकल जागची हलत नाही, असं थोडंच आहे? पेडल मारत कुणीही ती घेऊन जाऊ शकतं. हा घोळ ई-बाइकपासून सुरू झालेला नाही, तो पाऊणशे वर्षं जुना आहे. पॉडकास्टच्या भागात तो धावतपळत सांगितला, इथे जरा नीट बघू.

1946 मध्ये फ्रान्समध्ये वेलोसोलेक्स विक्रीला आली. साधी सायकल, आणि पुढच्या चाकावर छोटंसं इंजिन. पेडल मारायचं, दांड्याने इंजिन टायरवर टेकवायचं, की गाडी निघाली. किल्ली वगैरे काही नाहीच. पुढे अशा गाड्यांना ‘मोपेड’ म्हणू लागले. हा शब्द स्वीडिश भाषेतला, मोटर आणि पेडल यांची संधी करून बनवलेला. आपल्याकडची मोपेड म्हणजे लुना. इटलीच्या पियाजिओ कंपनीच्या ‘चाओ’वरून पुण्याच्या कायनेटिकने ती 1972 मध्ये बाजारात आणली. आई-बाबांना, नाहीतर मामा-मावशीला विचारा, घरातलं कुणीतरी लुनावरून कॉलेजला किंवा ऑफिसला गेलेलं असेलच.

आता या गाड्यांच्या इग्निशनची गंमत बघा. कारमध्ये ठिणगीसाठी लागणारी वीज बॅटरीतून येते. किल्ली फिरवली की सर्किट जोडलं जातं, काढली की तुटतं. जुन्या मोपेडमध्ये मात्र मॅग्नेटो असे. इंजिनाबरोबर फिरणाऱ्या जड चाकात चुंबक बसवलेले असत, ते कॉइलजवळून फिरले की तिथेच वीज तयार होई. बॅटरीची गरजच नाही. मग इंजिन बंद कसं करायचं? कॉइलची वायर गाडीच्या सांगाड्याला टेकवायची, म्हणजे ‘अर्थ’ करायची, की ठिणगी मरते. मोपेडवरचं स्विच हेच काम करी. म्हणजे कारच्या बरोबर उलट: इथे ‘बंद’ म्हणजे जोडलेलं आणि ‘चालू’ म्हणजे तुटलेलं. स्विचची वायर तुटली, तर गाडी बंद पडण्याऐवजी कायमची ‘चालू’ होते! असलं स्विच चोराला काय अडवणार? ते मालकाच्या सोयीसाठी होतं, राखणीसाठी नाही.

राखण करायची तर गाडीचं हलणं अडवायला हवं: साखळी, चाकाचं कुलूप, नाहीतर हँडल लॉक. पण कुलूप कोणाकोणाच्या गाडीला आहे, यावरही बरंच अवलंबून असतं. पश्चिम जर्मनीने 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला जुन्या-नव्या सगळ्याच कारना स्टिअरिंग लॉक सक्तीचं केलं आणि कारचोऱ्या बऱ्याच घटल्या. ब्रिटनमध्ये 1970 च्या दशकाच्या सुरुवातीला ते फक्त नव्या गाड्यांना आलं. तिथे चोर जुन्या गाड्यांकडे वळले. ज्याला नवी गाडी परवडत नव्हती, त्याच्या वाट्याला जास्त धोका आला.

दुचाक्यांच्या बाबतीत सगळ्यात मोठा फरक पडला तो मात्र कुलपाने नव्हे. पश्चिम जर्मनीत हेल्मेटची सक्ती आधीच होती, पण विनाहेल्मेट चालवणाऱ्याला दंड सुरू झाला 1980 मध्ये. हेतू अर्थातच डोकं वाचवणं. झालं असं, की मोटरसायकल आणि मोपेडच्या चोऱ्या 1980 मधल्या सुमारे दीड लाखांवरून 1986 मध्ये सुमारे 54 हजारांवर आल्या. पॅट मेह्यू, रोनाल्ड क्लार्क आणि डेव्हिड इलियट या संशोधकांनी 1989 मध्ये याचा अर्थ लावला. रस्त्यात उभी गाडी दिसली आणि उडवली, असं करणाऱ्याच्या हातात हेल्मेट नसायचं. त्याशिवाय निघालं तर पोलीस लगेच अडवणार. मग हे चोर कारकडे वळले का? फारसे नाही. कारचोऱ्या याच काळात साधारण 64 हजारांवरून 70 हजारांवर गेल्या, म्हणजे दुचाक्यांमधल्या घटीच्या मानाने किरकोळ वाढ. चोरी म्हणजे दरवेळी पक्का बेत नसतो. बऱ्याचदा ती नुसती संधी असते.

पण हे कुठवर खरं? न्यूयॉर्कमध्ये राहत असाल, तर तुमचं जेवण ई-बाइकवरून घेऊन येणारा माणूस आठवा. त्याची गाडी चोर दरवेळी संधी साधून उचलत नाही, कधीकधी ठरवून हिसकावतो. 2021 मध्ये कॉर्नेल विद्यापीठ आणि वर्कर्स जस्टिस प्रोजेक्टने 500 डिलिव्हरी कामगारांची पाहणी केली. 54 टक्क्यांची सायकल चोरीला गेली होती, आणि त्यातल्या जवळजवळ 30 टक्क्यांना चोरीच्या वेळी मारहाण झाली होती. त्याच वर्षी मार्चमध्ये ईस्ट हार्लेममध्ये एका कामगाराचा ई-बाइकपायी गोळी घालून खून झाला. गाडीवर माणूसच बसलेला असेल, तर कुलूप काय कामाचं? मग कामगारांनीच मार्ग काढला. रात्री पुलावरून घरी जाताना घोळक्याने जायचं, विलिस अव्हेन्यू पुलाच्या तोंडाशी पाळीपाळीने पहारा द्यायचा.

तेव्हा तुमच्या ई-बाइकला चांगलं कुलूप लावाच, आणि नुसतं चाक नको, फ्रेमही खांबाला बांधा. बॅटरी घरात न्या. पण हा इतिहास वाचून माझ्या मनात राहतं ते वेगळंच. जर्मनीत एका नियमाने सगळ्यांच्याच गाड्या थोड्या सुरक्षित झाल्या. न्यूयॉर्कमध्ये मात्र गाडी त्याची, कुलूप त्याचं, बॅटरी त्याची आणि जीवही त्याचाच. पुढच्या वेळी दारावरची बेल वाजली, तर खाली लवकर जा. तो वर तुमच्या दाराशी थांबलेला असतो, तेव्हा त्याची गाडी खाली एकटीच उभी असते.