वजन, बातमी आणि आपली नजर

धानाच्या भंडारा जिल्ह्यात, आमच्या लाखनीसारख्या गावांत, भरलेले अंग हे पिढ्यान्‌पिढ्या सुस्थितीचे लक्षण मानले गेले. आज त्याच घरांतल्या टीव्हीवर आणि मोबाइलवर लठ्ठपणा कधी थट्टेचा, तर कधी धास्तीचा विषय होऊन येतो. प्रसारमाध्यमे जाड शरीर कसे दाखवतात आणि त्यातून समाजाची नजर कशी घडते, हे तपासणाऱ्या अभ्यासाची ओळख वाचकांनी करून घ्यावी, यासाठी हे चार शब्द.

२१ फेब्रुवारी २०१७ हा मुंबई महापालिकेच्या मतदानाचा दिवस. लेखिका शोभा डे यांनी एका स्थूल पोलिसाचे छायाचित्र ट्विटरवर टाकून बंदोबस्ताची थट्टा केली. हा गणवेश आमचा नाही, असे मुंबई पोलिसांनी कळवले. ते गृहस्थ मध्य प्रदेश पोलिसांत निरीक्षक होते. वजन अतिखाण्याने नव्हे, आजारामुळे वाढले, असे त्यांनी सांगितले; पुढे मुंबईतच त्यांच्यावर उपचार झाले. छायाचित्र आधी गाजले, माणसाचे म्हणणे नंतर ऐकले गेले. हा क्रम का लागतो, हाच या अभ्यासाचा मूळ प्रश्न आहे.

डोळ्यांना दिसते तेवढ्यावर आरोग्याचा निवाडा करता येत नाही, हे दाखवण्यात महाराष्ट्राचा मोठा वाटा आहे. पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि लंडनचे डॉ. जॉन युडकिन यांनी २००४ मध्ये ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात स्वतःचेच उदाहरण मांडले. दोघांचा बीएमआय (उंचीच्या तुलनेत वजन सांगणारा निर्देशांक) सारखाच, २२.३, शरीरातील चरबी मात्र याज्ञिकांची २१.२ टक्के, तर युडकिन यांची ९.१ टक्के. म्हणजे सडपातळ दिसणाऱ्या भारतीयालाही मधुमेहाचा धोका असू शकतो. शिवाय २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात देशातील २४ टक्के स्त्रियांचे वजन जास्त, तर १८.७ टक्के स्त्रिया कृश आढळल्या. बातम्यांत यांतली एकच बाजू ठळक होते.

वाचकांनी सुरुवात घरी येणाऱ्या वर्तमानपत्रापासून करावी. लठ्ठपणाची एखादी बातमी घ्या. चित्रात माणसाचा चेहरा आहे की नुसते पोट? त्याला बोलू दिले आहे का? दोष केवळ त्याच्या जिभेला दिला आहे, की आनुवंशिकता, औषधे आणि स्वस्त तळलेले पदार्थ यांचाही विचार केला आहे? मग सचिन कुंडलकरांचा ‘वजनदार’ (२०१६) पाहा आणि हेच प्रश्न चित्रपटालाही विचारा.

लठ्ठपणा हा आरोग्याचा गंभीर प्रश्न आहे आणि हिणवल्याने तो सुटत नाही. लाजलेला माणूस दवाखान्याची पायरी टाळतो. तेव्हा वजनाची चर्चा जरूर करा, पण ज्याच्या वजनाची चर्चा आहे, त्यालाही तिथे बोलायला जागा द्या.