गुडघा टेकलेला पार्थियन

ज्या काळी वर्तमानपत्रे नव्हती, त्या काळी राज्यकर्त्याचे म्हणणे घरोघर पोचविण्याचे काम नाणे करीत असे. रोमचा पहिला सम्राट ऑगस्टस याने हे पुरते ओळखले होते. इ. स. पूर्व १९ च्या सुमारास त्याच्या टांकसाळीतून निघालेला एक डेनारियस पाहा. चांदीचे हे नाणे वजनाला चार ग्रॅमही भरत नाही. त्यावर विजार घातलेला एक पार्थियन गुडघा टेकून रोमन सैन्याचे निशाण परत करीत आहे, आणि ‘निशाणे परत मिळाली’ अशा अर्थाची लॅटिन अक्षरे आहेत.

ही निशाणे गेली कशी? इ. स. पूर्व ५३ मध्ये क्रॅसस हा सेनापती लोभाने पार्थियावर चालून गेला आणि कॅऱ्हीच्या रणात हरल्यावर मारला गेला. प्लूटार्कच्या म्हणण्याप्रमाणे वीस हजार रोमन पडले व दहा हजार कैद झाले. निशाण शत्रूच्या हाती जाणे हा रोमन माणसाला मरणाहून मोठा अपमान वाटे. पुढे अँटनीनेही पार्थियावर स्वारी केली. तिच्यातही अपयशच पदरी आले.

ऑगस्टसने मात्र लढाई केलीच नाही. पार्थियाचा राजा चौथा फ्राटेस याचा मुलगा त्याच्या हाती आला होता. तो त्याने परत केला आणि मोबदल्यात निशाणे व कैदी मागितले. इ. स. पूर्व २० मध्ये ती मागणी पुरी झाली. म्हणजे हा झाला वाटाघाटींचा सौदा. नाण्यावर मात्र तो शरणागती होऊन उमटला! वर्षाला २२५ डेनारियस पगार घेणाऱ्या शिपायाने तेच खरे मानावे, हा त्यातला हेतू.

यात दोष कोणाला द्यावा? रक्त न सांडता गेलेली अब्रू परत आणणे, हे मुत्सद्देगिरीचे यशच होय. पण विजयाची भूक लागलेल्या लोकांना तहाची बातमी रुचत नाही, म्हणून तहालाही विजयाचा पोशाख चढवावा लागला.

आणि ते कैदी? तेहतीस वर्षे परमुलखात काढलेली ती माणसे! डिओ कॅसिअस लिहितो की, काहींनी लाजेने जीव दिला, तर काही लपून तिथेच राहिले. त्या नाण्यावर निशाणाला जागा मिळाली, माणसाला नाही. विजयाची नाणी हाती घेताना, त्यांवर काय कोरले आहे याबरोबरच काय कोरलेले नाही, हेही इतिहासाच्या अभ्यासकाने वाचले पाहिजे.